संकेतस्थळाचे पान उघडण्यास विलंब का होतो?

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, चार मुलांत मिळून एक मोबाइल आणि पडद्यावर गरगर फिरणारे वर्तुळ, हे दृश्य आम्ही वसतिगृहात अनेक वर्षे पाहत आलो आहोत. ‘नेट स्लो आहे’ असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. परंतु उशीर झाला एवढ्याने इतिहासाच्या अभ्यासकाचे समाधान होत नाही. तो कोठे व कशामुळे झाला, हे त्याला विचारावेच लागते. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न आम्ही महाजालाच्या संदर्भात विचारीत आहोत.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. आपल्या हातातील ब्राउझरने दूरच्या सर्व्हरकडे पान कसे मागावे व सर्व्हरने ते कसे द्यावे, याच्या नियमांना एचटीटीपी हा प्रोटोकॉल म्हणतात. आरंभी पान म्हणजे केवळ मजकूर असे. आज एका पानासाठी चित्रे, अक्षरवळणे, आज्ञावली अशा अनेक फाइली निरनिराळ्या मागवाव्या लागतात.

१९९७ मध्ये एचटीटीपी १.१ ही आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिची रीत आपल्या भोजनगृहातील उदाहरणाने समजेल. वाढप्याने एका ताटात सर्व पदार्थ वाढून झाल्याशिवाय दुसऱ्या ताटाकडे वळायचे नाही, असा नियम केला तर पहिल्या ताटाला उशीर होताच मागची पंगत ताटकळते. यावर उपाय म्हणून ब्राउझर एकाच सर्व्हरशी साधारणतः सहा जोडण्या करू लागले, म्हणजे वाढपी सहा झाले. परंतु प्रत्येक नवी जोडणी करण्यातही वेळ जातो.

हा वेळ किती, हे गणिताने पाहू. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे निरोप जाऊन उत्तर येण्यास कमीत कमी १२५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात मार्ग सरळ नसतो, म्हणून एक फेरी २०० मिलिसेकंदांची धरू. जुन्या पद्धतीत जोडणीसाठी एक फेरी, सुरक्षिततेच्या बोलणीसाठी दोन आणि प्रत्यक्ष मागणीसाठी एक, अशा चार फेऱ्या होत. पानाचे पहिले अक्षर येण्यापूर्वीच ८०० मिलिसेकंद खर्ची पडत. अधिक वेगाचा डेटा पॅक विकत घेतला तरी या फेऱ्या कमी होत नाहीत.

गूगलने २००९ मध्ये स्पीडी नावाचा प्रयोग जाहीर केला. त्याच्या आधारावर मे २०१५ मध्ये एचटीटीपी २ प्रमाणित झाले. आता एकाच जोडणीतून अनेक फाइलींचे तुकडे एकमेकांत मिसळून पाठवता येऊ लागले. वाढपी सर्व ताटांत थोडे थोडे वाढीत पंगतीतून फिरू लागला. मात्र एक दोष उरला. या आवृत्तीखालील टीसीपी हा वाहक नियम क्रमाविषयी अत्यंत काटेकोर आहे. वाटेत एक तुकडा हरवला तर तो पुन्हा येईपर्यंत मागून आलेले सर्व तुकडे अडवून ठेवले जातात. त्यामुळे फार क्षीण नेटवर्कवर कधी कधी जुन्या सहा जोडण्याच बऱ्या ठरत.

हा दोष दूर करण्यासाठी टीसीपीच बाजूला ठेवून, यूडीपीच्या आधाराने क्विक हा नवा वाहक नियम रचला गेला. तो मे २०२१ मध्ये आणि त्यावर उभे असलेले एचटीटीपी ३ जून २०२२ मध्ये प्रमाणित झाले. यात ज्या फाइलीचा तुकडा हरवतो तीच थांबते. बाकीच्या पुढे जातात. जोडणी व सुरक्षितता यांची बोलणी एकाच फेरीत होते, म्हणून वरील उदाहरणातील ८०० मिलिसेकंदांचे ४०० होतात. शिवाय वसतिगृहाच्या वायफायवरून मोबाइल डेटावर गेल्याने उपकरणाचा पत्ता बदलला, तरी जोडणीला स्वतःची ओळख असल्यामुळे ती तुटू न देता पुढे चालवता येते.

या सुधारणेचा लाभ सर्वांना सारखा होत नाही, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. शहरात चांगल्या फायबरवर बसलेल्याला फरक जेमतेम जाणवेल. ज्याचा सर्व्हर दूर, सिग्नल क्षीण आणि तुकडे वारंवार हरवणारे, त्याला तो अधिक जाणवेल. शेवटच्या पंगतीत बसणाऱ्याचा विचार नियमातच झाला, की त्याला वेगळी दया दाखवावी लागत नाही.

तथापि नियम बदलल्याने सारे साधत नाही. पाच मेगाबाइटचे एक छायाचित्र एक एमबीपीएस वेगाच्या जोडणीवर उतरण्यास ४० सेकंद लागतात. कोणताही प्रोटोकॉल ते ओझे हलके करीत नाही. तेच छायाचित्र २०० किलोबाइटचे केले तर दीड सेकंदाच्या आसपास येते. सर्व्हरच मंद असेल, किंवा एखाद्या नेटवर्कने यूडीपी अडवला असेल, तर एचटीटीपी ३ चा लाभ मिळत नाही. दुसऱ्या स्थितीत ब्राउझर मागील आवृत्तीकडे वळतो.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, संस्थेसाठी, गावासाठी वा कार्यालयासाठी संकेतस्थळ उभारताना नवी आवृत्ती चालू आहे का हे पाहावे, छायाचित्रे लहान करावीत आणि तयार झालेले पान गावातल्या साध्या मोबाइलवर एकदा उघडून पाहावे. नियम माणसांनी केलेले असतात, म्हणून ते सुधारता येतात, हे आम्ही वर्गात शिकवीत आलो. महाजालाच्या तीस वर्षांचा इतिहासही तेच सांगतो. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्या मुलाचे वर्तुळ थांबून पान उघडले, तर या अभ्यासाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.