गेटबाहेर पहिल्यांदा पडशील तेव्हा

अंबाडा उंच घालू नकोस गं. निळं हेल्मेट मागून उचललं जातं, पुढे डोळ्यांवर येतं आणि एक हात सारखा ते सावरण्यातच जातो. मानेशी घट्ट बांध. आणि बाहेर जायचंय म्हणून पाणी पिणं टाळू नकोस. वाटेत सोय नाही म्हणून आपण बायका सकाळपासून घोटभरही पीत नाही, मग बुलेटप्रूफ जॅकेटखाली चक्कर येते. निघण्याआधी जाऊन ये, पॅड खिशात असू दे. वाटेत अडलंच तर टीम कमांडरला सरळ सांग.

काँगोतल्या यूएन शांतिसेनेच्या फीमेल एंगेजमेंट टीममध्ये तुझं नाव आल्याचं कळलं तेव्हापासून हे सांगायचं होतं. मी पाहिलेलं गोमा आता राहिलेलं नाही. जानेवारी 2025 मध्ये एम23 बंडखोरांनी शहर घेतलं. कुठे जायचं, कुठे नाही, हे ब्रीफिंगला सांगतील. ते कानात प्राण आणून ऐक.

भीती वाटेल, वाटू दे. पण समोरच्याला ती रागासारखी दिसते. सगळे हसून हात हलवतील असंही समजू नकोस. जुलै 2022 मध्ये लोक मोनुस्कोविरुद्ध, म्हणजे याच शांतिसेनेविरुद्ध, रस्त्यावर उतरले, बुटेम्बोला आपल्या बीएसएफचे दोन जवान गेले. वर्षानुवर्षं पांढऱ्या गाड्या फिरतात आणि तरी गावं जळतात, हा त्यांचा राग खोटा नाही गं. काळा चष्मा काढ, ‘जाम्बो’ म्हण. उत्तर नाही आलं तरी म्हण.

न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या लाव्ह्याच्या काळ्या खडीवरून चुकुडू येतील, कोळशाची पोती लादलेल्या लाकडी दुचाकी ढकलगाड्या. पोरं ‘बिस्किट, बिस्किट’ करत मागे धावतील. जीव तुटेल तुझा, पण चालत्या गाडीतून काही फेकायचं नाही. पोर चाकाखाली येतं.

लक्ष बायकांकडे असू दे. पाण्यावर पिवळ्या कॅनची रांग लागलीय, टोपल्या मांडल्यात, तर बहुतेक दिवस बरा आहे. रोजच्या जागी कुणीच नाही, पोरंही दिसत नाहीत, तर तिथल्या तिथे वायरलेसवर कळव.

एखादीशी बोलायला बसलीस तर दुभाष्याकडे नाही, तिच्याकडे बघ. भोवती थांबलेल्या पुरुषांना आपले जवान बोलण्यात गुंतवतील. ‘तुझ्यावर अत्याचार झाला का’ असं कधीच विचारू नकोस. सरपण कुठून आणता, कधी निघता, कोणत्या वाटेनं, एवढंच विचार. सरपणाला गेलेल्या बायकांनाच तिथे जंगलात गाठतात. वाट सांगता सांगता ती एका ठिकाणी गप्प होईल. तिथे खोदू नकोस. दवाखाना कुठे आहे, मदत कुणाकडे मिळते, ते हळूच सांग आणि तिच्याजवळ बसून राहा.

कॅम्पात आल्यावर हत्यार क्लिअर केलंस की आंघोळीआधी रिपोर्ट लिही. तिचं नाव नको. वाट, वेळ आणि ते वळण मात्र जसंच्या तसं. मग त्या वाटेवर त्या वेळेला पेट्रोलिंग लागेपर्यंत कमांडरची पाठ सोडू नकोस.