करवंद लावण्याआधी

बागेत पाखरं यावीत म्हणून करवंद लावायचं मनात असेल, तर रोपवाटिकेतून रोप उचलण्याआधी त्याच्या मातृझाडाचं फूल नाहीतर फळ डोळ्यांनी बघून घ्या. शहाद्याजवळ आमच्या मळ्याच्या बांधाला करवंदाचं कुंपण करायचं ठरलं, तेव्हा एका रोपवाटिकेने ‘करवंद’ म्हणून जी रोपं दिली ती दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळ प्रांताकडच्या करवंदाची निघाली. पान जाड, चकचकीत, फूल मोठं, फळ लालभडक आणि बोराहूनही थोराड. शोभेला छान, पण बुलबुलाला ते फळ अख्खं गिळता येत नाही. आपल्या करवंदाची फुलं बारीक, झुबक्यांनी येणारी, जाईच्या वासाची. फळ हिरव्याचं लाल, लालाचं काळं होतं आणि पाखराच्या चोचीत सहज मावतं. पाखरू ते गिळतं, बी दूर कुठेतरी टाकतं, आणि तिथे नवी जाळी उभी राहते. रान असंच वाढतं. आमच्या कुंपणात हा फरक कळायला फळ धरेपर्यंत थांबावं लागलं. ती वर्षं परत येत नाहीत.

करवंदाचा एवढा आग्रह का, तर आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, साग निष्पर्ण असतो, नाले कोरडे पडलेले असतात. अशा दिवसांत करवंदाची जाळी हिरवीगार असते आणि फळंही तेव्हाच पिकतात. बोरं तोवर संपलेली असतात. बुलबुल, कोकिळा, साळुंक्या दिवसा येतात, उदमांजर रात्री. आणि फळाइतकंच महत्त्व आहे खालच्या काट्यांना. मांजर-कुत्रं आत शिरू शकत नाही, म्हणून तिथे घरटी होतात, सरडे आणि मुंगूस आसरा घेतात. जाळीखालचा पालापाचोळा झाडून स्वच्छ करायची सवय अनेकांना असते. कृपा करून तेवढं करू नका.

रोप कुठून आणायचं? माझं ठाम मत आहे की रोप आणूच नये, बी आणावं. धडगावच्या बाजारात पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या एका बाईंना मी विचारलं होतं, “मावशी, याचं बी कधी पेरायचं?” त्या म्हणाल्या, “खाल्लं की पेरायचं, दादा. वाळवून ठेवलं की गेलं.” अगदी खरं आहे. करवंदाच्या बियांची उगवण लवकर संपते. पिकलेलं काळं फळ चुरगळायचं, गर आणि चीक पाण्याने नीट धुऊन काढायचा, बी सावलीत जरा सुकू द्यायचं आणि लगेच पिशवीत लावायचं. रोप पहिल्या वर्षी फार हळू वाढतं, त्यामुळे ते पुढच्या पावसाळ्यात बांधावर न्यावं. फळाला साधारण तिसरं वर्ष उजाडतं. डोंगरातली झाडं उपटून आणण्याचा मोह मात्र टाळा. मुळं तुटून झाड मरतं आणि तिथलंही जातं.

तापीकाठच्या काळ्या, भारी जमिनीत आणखी एक धोका आहे. करवंद मुरमाड उताराचं झाड. काळ्या मातीत खड्डा केला की श्रावणात त्यात पाणी साचतं, आणि दुष्काळाला न डगमगणारं झाड मुळं कुजून जातं. पानं पिवळी पडायला लागली की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. गुडघाभर उंचीचा वरंबा करा, त्यात मुरूम आणि दगडगोटे मिसळा, रोप त्याच्यावर लावा. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून पाणी पुरे. केळीच्या ठिबकची नळी त्याच्याजवळून नेऊ नका. शेळ्यांपासून मात्र जपा, कोवळी फूट त्या ठेवत नाहीत.

एका सकाळी जाळीवर बोटाएवढी हिरवी अळी दिसली, डोक्याच्या मागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. कण्हेरीवर दिसते तीच, मोठ्या हिरव्या पतंगाची अळी. गडी म्हणाला, “भाऊ, फवारू का?” मी नको म्हटलं. पानं गेली तरी करवंद पुन्हा फुटतं, आणि पिल्लं भरवायच्या दिवसांत बुलबुलाला फळापेक्षा अळ्याच जास्त लागतात. ज्याला फवारल्याशिवाय राहवत नाही, त्याने पाखरांसाठी बाग करूच नये. शेजारच्या कपाशी-पपईची फवारणी वाऱ्याने येते, तिला मात्र सांगून-सवरूनच आवरावं लागतं. निदान करवंद फुलावर असताना तरी.

फळं वाचवायला नायलॉनचं जाळं टाकायची पद्धत आता वाढली आहे. शेजारच्या मळ्यात बोरींवरून काढून टाकलेल्या अशाच जुन्या जाळ्यात एक धामण अडकली होती. जितकी वळवळे तितके दोरे खवल्यांखाली रुतत होते. सर्पमित्राने कात्रीने एकेक धागा कापत तिला सोडवलं. उंदीर खाऊन शेत राखणारा हा बिनविषारी साप असा मरावा, हे मला सहन होत नाही. वाट्याला येतील ती करवंदं आपली, बाकी पाखरांची.

आणखी एक. पाखरं करवंद खायला येतात तशी घाणेरीचं बीही टाकून जातात. शोभेचं झाड म्हणून अमेरिकेतून आणलेली घाणेरी आता साऱ्या रानांत पसरली आहे, तिचा पाला गुरांना विषारी. पावसाळ्यात माती ओली असताना जाळीखालची तिची रोपं मुळासकट उपटा. छाटणीही फळं संपल्यावरच, आत घरटं नाही हे वाकून बघून, आणि फक्त वाटेच्या बाजूने.

शहाद्याच्या परिसरातच 1997 साली रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, पुन्हा सापडला. 1884 नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती आणि तो नाहीसा झाला असंच मानलं जात होतं. तो आपल्या बांधावर येईल असं मी म्हणणार नाही, त्याला सागाचं विरळ रान लागतं. पण अशा रानाच्या कडेला आपण राहतो, तेव्हा बांधावर काय लावतो याला महत्त्व आहे.

येत्या मे महिन्यात डोंगरातून करवंदं घेऊन येणाऱ्या बायांकडून दोन द्रोण जास्त घ्या, भाव करू नका, आणि बिया फेकू नका.