अ‍ॅना कॅरेनिना वाचते?

प्रश्न : ग्रेटा गार्बोच्या एका मूकपटात अ‍ॅना कॅरेनिना शेवटी मरतच नाही, असं ऐकलं. टॉल्स्टॉयच्या कथेत एवढी ढवळाढवळ कशी खपली?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ऐकलंत ते खरं, पण अर्धंच. त्या चित्रपटात अ‍ॅना मरतेही आणि वाचतेही. तुम्ही कुठल्या थिएटरात बसलात, त्यावर ते ठरायचं.

चित्रपटाचं नाव ‘लव्ह’. एमजीएमने तो १९२७ साली काढला, दिग्दर्शक एडमंड गोल्डिंग. अ‍ॅनाचा प्रियकर व्रॉन्स्की झाला होता जॉन गिल्बर्ट. गार्बो-गिल्बर्टचं प्रेमप्रकरण पडद्याबाहेरही गाजत होतं आणि लोक तीच जोडी बघायला येणार, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दोन शेवट चित्रित केले. एकात अ‍ॅना रेल्वेखाली उडी घेते. दुसऱ्यात तिचा नवरा कॅरेनिन मरतो आणि काही वर्षांनी तिच्या मुलाच्या लष्करी शाळेत अ‍ॅना आणि व्रॉन्स्की पुन्हा भेटतात. कुठला लावायचा, ते थिएटरवाल्याने ठरवायचं. मूकपटात हे सोपंही होतं. संवाद पाट्यांवर, संगीत थिएटरातच वाजणार. रिळाचा शेवटचा तुकडा बदलला की काम झालं.

गंमत म्हणजे खुद्द झारच्या रशियात मामला उलटा होता. तिथल्या प्रेक्षकांना रडवणारा शेवटच हवा असे. डेन्मार्कच्या नॉर्डिस्क कंपनीने ‘अटलांटिस’ला (१९१३) खास रशियासाठी शोकान्त शेवट जोडला. अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘द लोनली व्हिला’त (१९०९) दरोडेखोरांनी घेरलेली बायको नवऱ्याला फोन करते आणि तो वेळेत पोचतो. तीच कल्पना १९१४ साली याकोव प्रोताझानोवने रशियात घेतली, तर नवरा पोचेपर्यंत बायको मेलेली!

आता ढवळाढवळीबद्दल. सुखान्तापेक्षा मला खटकतो तो कॅरेनिनचा सोयीस्कर मृत्यू. कादंबरीत तो जिवंत राहतो, म्हणूनच अ‍ॅनाची कोंडी होते. इतकंच नव्हे, ती गेल्यावर तिच्या आणि व्रॉन्स्कीच्या मुलीला तोच सांभाळायला नेतो. नवऱ्याला मारलं की अ‍ॅनापुढचा पेचच उरत नाही. मग उरते फक्त देखणी जोडी.

१९३५ साली गार्बो बोलपटात पुन्हा अ‍ॅना झाली, दिग्दर्शक क्लॅरेन्स ब्राउन. तिथे शेवट एकच आहे, रेल्वेचा. दोन्हींतला एकच पाहणार असाल, तर तो पाहा.