हस्तसंगणकाचा पुरेपूर उपयोग

कोणतेंही यंत्र दोन कारणांनीं वाया जातें: एक तर तें न वापरल्यामुळें, किंवा त्याच्या शक्तीचा हिशेब न ठेवतां वापरल्यामुळें. पहिला दोष सर्वांच्या ध्यानांत येतो. दुसरा सहसा येत नाहीं. या दुसऱ्या दोषाचें उदाहरण म्हणून आज आपण हातांत धरून खेळावयाच्या संगणकाचा विचार करूं.

सन २०२२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील वॉल्व्ह कंपनीनें ‘स्टीम डेक’ नांवाचें यंत्र ग्राहकांस देण्यास प्रारंभ केला. मध्यें सात इंची पडदा, दोन्ही बाजूंस अंगठ्यांनीं चालवावयाच्या कळा, आणि वजन ६६९ ग्रॅम. पुढील वर्षीं आसुस कंपनीचें ‘रॉग ॲलाय’ व लेनोवो कंपनीचें ‘लीजन गो’ हीं यंत्रें निघालीं. दिसावयास हीं खेळणीं आहेत. परंतु त्यांच्या पोटांत संपूर्ण संगणक असतो. म्हणून त्यांस आपण या लेखापुरतें हस्तसंगणक म्हणूं.

हें खेळणें स्वस्त नाहीं. सन २०२३ च्या जुलैंत रॉग ॲलाय भारतांत विक्रीस आलें, तेव्हां त्याची किंमत ६९,९९० रुपये होती. मध्यम स्थितीच्या कुटुंबास एवढी रक्कम जमविण्यास किती महिने लागतात हें पालकांस सांगावयास नको. असें असतां, कोणत्याही कंपनीचें यंत्र घेतलें तरी कांहीं दिवसांनीं घरांत एकच वाद सुरू होतो. दोन तासांत बॅटरी संपते, पाठ तापते, पंखा घोंघावतो. मुलगा म्हणतो, यंत्र वाईट. वडील म्हणतात, मुलगा वाईट. आमच्या मतें दोन्ही निवाडे घाईचे आहेत.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. बॅटरींत सांठविलेली ऊर्जा वॅट-तासांत मोजतात, आणि यंत्र ती ज्या वेगानें खर्चितें तो वेग वॅटमध्यें. रांजणांतील पाणी व तोटीची धार यांचा जो संबंध, तोच येथें आहे. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे. सर्व यंत्र मिळून २० वॅट खर्चीत असेल, तर ४० भागिले २० म्हणजे दोन तास. तोच खर्च १० वॅटवर आणला, तर चार तास. रांजण मोठा करावयाचा तर वजन व किंमत दोन्ही वाढतात. तोटी आंवळणें मात्र आपल्याच हातीं असतें.

आतां कोणी विचारील, धार अर्धी केली तर खेळही अर्ध्याच वेगानें चालेल ना? तसें होत नाहीं, आणि याचें कारण पदार्थविज्ञानांत आहे. चिपेची गति वाढवावयाची तर तिला विजेचा दाबही अधिक द्यावा लागतो. आणि खर्च हा गतीच्या प्रमाणांत व दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. गति सव्वापट करण्यासाठीं दाबही सव्वापट करावा लागला, तर खर्च १.२५ चा घन, म्हणजे जवळजवळ दुप्पट होईल. शेवटची थोडीशी गति सर्वांत महाग पडते ती यामुळें. उलट, तेवढीच सोडून दिली तर बचतही मोठी होते.

हें तत्त्व जुनेंच आहे. सन १९८९ मध्यें जपानच्या निन्टेंडो कंपनीनें ‘गेम बॉय’ हें छोटें यंत्र काढलें. गुनपेइ योकोइ या अभियंत्याच्या देखरेखीखालीं तें तयार झालें. त्याच्या पडद्यास रंग नव्हते, मागून प्रकाशही नव्हता; पण चार सेलांवर तें दहा तासांहून अधिक चाले. पुढल्याच वर्षीं सेगा कंपनीचें ‘गेम गियर’ आलें. त्याचा पडदा रंगीत व प्रकाशित होता. मात्र सहा सेल घालूनही तें तीन ते पांच तासांतच थांबे. लोकांनीं पसंत केला तो गेम बॉय. आजच्या हस्तसंगणकांत दोन्ही गुण आहेत. कोणत्या वेळीं कोणता घ्यावा हें धारकानें ठरवावयाचें आहे.

व्यवहारांत हें कसें करावें तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट मोजण्याची. स्टीम डेकच्या उजव्या बाजूस तीन टिंबांची एक कळ आहे. ती दाबून बॅटरीच्या चिन्हावर गेलें असतां चालू खेळाची गति व विजेचा खर्च पडद्यावर दाखविण्याची सोय सांपडते. खेळ आरंभिल्यावर पांच मिनिटें हे आंकडे पाहावे. न मोजतां काटकसर करणें म्हणजे अंधारांत शिवणें होय.

दुसरी गोष्ट मर्यादेची. त्याच ठिकाणीं चिपेस किती वॅट द्यावयाचे याची मर्यादा घालतां येते. स्टीम डेकवर ती कमाल १५ आहे. एकेक वॅट उतरवीत जावें, आणि खेळ अडखळूं लागला कीं एक वॅट परत द्यावा. बुद्धिबळासारख्या किंवा साध्या चित्रांच्या खेळास फारच थोडे वॅट पुरतात. रॉग ॲलायमध्यें हेंच काम १०, १५ व २५ वॅटच्या तीन तयार पायऱ्यांनीं होतें.

तिसरी गोष्ट चित्रांच्या संख्येची. चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची रांग. सेकंदास ६० चित्रें काढावयाचीं तर एका चित्रास १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. ३० काढावयाचीं तर ३३.३. यांचा मध्य काढा: तो २५ येतो, आणि २५ सहस्रांश सेकंदांस एक चित्र म्हणजे सेकंदास ४० चित्रें. वर्गांत विचारलें तर पुष्कळ विद्यार्थी ६० व ३० यांचा मध्य ४५ सांगतील. परंतु डोळ्यांस जाणवतो तो दोन चित्रांमधील काळ, म्हणून येथें काळाचाच मध्य घ्यावयाचा. ४० चित्रांवर चित्रकामाचा तिसरा हिस्सा बोजा उतरतो आणि हालचाल तरी पुरेशी सरळ दिसते. मात्र पडद्याची गति ४० च्या पटींत असावी, नाहींतर चित्रें असमान अंतरानें उमटतात. पहिल्या स्टीम डेकचा पडदा ४० वर उतरवितां येतो. रॉग ॲलायचा पडदा १२० चा असल्यानें ४० नें निःशेष भागला जातो.

चौथी गोष्ट चित्रबिंदूंची. रॉग ॲलायचा पडदा १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचा आहे. तेंच चित्र १२८० गुणिले ७२० मध्यें काढलें तर बिंदु ९,२१,६०० होतात, म्हणजे पहिल्याचे नऊपैकीं चार भाग. सात इंचांच्या पडद्यावर हा फरक डोळ्यांस फार जाणवत नाहीं. शिवाय लहान चित्र काढून तें कौशल्यानें मोठें करण्याची ‘एफएसआर’ ही रीति एएमडी कंपनीनें २०२१ मध्यें प्रसिद्ध केली आहे. खेळाच्या सेटिंगमध्यें ती असल्यास वापरून पाहावी. पडद्याचा उजेडही खोलीस पुरेल इतकाच ठेवावा.

पांचवी गोष्ट यंत्राच्या आरोग्याची. स्टीम डेक पाठीकडून हवा घेतें व वरच्या कडेनें गरम हवा सोडतें. गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळल्यास ही वाट बंद होते. लिथियम बॅटरीस उष्णता बाधते, आणि सदैव काठोकाठ भरलेलें राहणेंही मानवत नाहीं. म्हणून बंद मोटारींत उन्हांत यंत्र ठेवूं नये; आणि नेहमीं तारेला जोडूनच खेळावयाचें असेल, तर भरती ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय असल्यास ती चालू करावी.

खेळ विकत घेण्यापूर्वींही एक चौकशी करावी. स्टीम डेक लिनक्सवर चालतें, आणि विंडोजसाठीं लिहिलेले खेळ तें २०१८ मध्यें निघालेल्या ‘प्रोटॉन’ नामक दुभाष्याच्या साह्यानें चालवितें. प्रत्येक खेळ चालेलच असें नाहीं. म्हणून वॉल्व्ह कंपनी अनेक खेळांपुढें तो या यंत्रावर नीट चालतो कीं नाहीं याचें चिन्ह देते. तें पाहिल्याशिवाय वडिलांचे पैसे खर्चूं नयेत.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्टीम डेकच्या बंद-चालू करण्याच्या यादींत ‘डेस्कटॉप मोड’कडे नेणारी एक ओळ आहे. पुष्कळ मुलें ती कधींच उघडीत नाहींत. ती निवडली कीं खेळाचा पडदा जाऊन साधा संगणक समोर येतो. यूएसबी-सी जोडणीनें कळफलक, माउस व घरचा दूरदर्शन-संच जोडा, आणि लिब्रेऑफिस हें फुकट मिळणारें साधन घ्या. म्हणजे त्यावर निबंध लिहितां येतो, जमाखर्चाचे तक्ते करतां येतात, पायथन भाषेंत कार्यक्रम रचावयास शिकतां येतें. विंडोजवर चालणाऱ्या यंत्रांत तर दुसरा मार्ग निवडावाही लागत नाहीं. ज्या घरांत दुसरा संगणक नाहीं, त्या घरानें सत्तर हजारांत केवळ खेळणें घेतलें कीं भावंडांचें अभ्यासाचें साधनही घेतलें, हें या एका ओळीवर ठरतें.

पालकांस आमची विनंति आहे कीं, यंत्र हिसकावून कपाटांत ठेवण्यापूर्वीं एक संध्याकाळ मुलाशेजारीं बसावें. वहीचें एक पान घेऊन चार रकाने आंखावे: कामाचें नांव, वॅटचा आंकडा, बॅटरीचे तास, आणि त्या कामास दिलेला आपला वेळ. आठ दिवस तें पान मुलाकडूनच भरून घ्यावें. पहिले तीन रकाने यंत्राचा हिशेब सांगतील. चौथा मुलाचा सांगेल, आणि तो वाचून दाखविण्याचें काम मुलाकडेच सोंपवावें. जो विद्यार्थी हें पान प्रामाणिकपणें भरील, त्यास हातांतील यंत्र बरेच दिवस पुरेल, आणि नवें मागण्याची घाई होणार नाहीं.