मुलगा की मुलगी, ठरतं कुठे?

प्रश्न : आमच्या वहिनीला तिन्ही मुलीच. घरातली मोठी माणसं अजूनही तिलाच बोल लावतात. शाळेत मी शिकलो ते नेमकं उलट होतं. खरं काय? आणि कोंबड्या-बकऱ्यांतही असंच असतं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : शाळेत शिकलात तेच बरोबर आहे, आणि ते घरात सगळ्यांसमोर सांगा.

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा घट्ट गुंडाळलेला धागा. एका पेशीतले सगळे धागे उलगडून जोडले तर सुमारे २ मीटर भरतील. या धाग्याचा एकेक तुकडा म्हणजे एकेक जनुक. जनुकांना माळेतल्या मण्यांची उपमा देतात, पण माळेत मणी वेगळे आणि दोरा वेगळा असतो. इथे खुद्द दोऱ्यावरच मजकूर लिहिलेला आहे.

तेविसावी जोडी बाईमध्ये एक्स-एक्स असते, पुरुषामध्ये एक्स-वाय. बीज तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं. आईकडे दोन्ही एक्सच, तेव्हा तिच्या अंडपेशीत एक्सच येणार. बापाच्या निम्म्या शुक्रपेशींत एक्स आणि निम्म्यांत वाय असतो. एक्सवाली पोहोचली तर मुलगी, वायवाली पोहोचली तर मुलगा. म्हणजे ठरतं ते बापाकडून आलेल्या पेशीवर. पण आता दादाला बोल लावू नका! कोट्यवधी शुक्रपेशींतली कोणती पोहोचेल हे त्याच्याही हातात नसतं. तीन अपत्यं असलेल्या साधारण आठ घरांपैकी एका घरात तिन्ही मुलीच असतात.

याचा सुगावा लागला तो पिठात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्यामुळे. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजात नेटी स्टीव्हन्स या भुंगेऱ्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होत्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं दिसली. नराच्या पेशीतही २०च, पण त्यांतलं एक अगदी बारकं. मग त्यांनी शुक्रपेशी पाहिल्या. निम्म्यांत दहाच्या दहा मोठी आणि निम्म्यांत नऊ मोठी, एक बारकं. नर-मादीचा भेद त्या बारक्यापाशी आहे, हे त्यांनी ओळखलं. शाळेच्या धड्यात या बाईंचं नाव असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे १९१० मध्ये थॉमस मॉर्गन यांना फळमाश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्याच्या नातवंडांत पांढरे डोळे आले ते फक्त नरांना. तो गुण एक्सच्या सोबतीनेच फिरत होता. जनुकं गुणसूत्रांवर असतात, याचा हा भक्कम पुरावा ठरला. आजोबांचा रंगांधळेपणा मुलीत दिसत नाही आणि नातवात उमटतो, तोही याच वाटेने.

वायवर नेमकं काय असतं, ते १९९० मध्ये लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी शोधलं : एसआरवाय नावाचं एक जनुक. गर्भ पहिले सहाएक आठवडे दोन्हीकडे जाऊ शकेल असा असतो. हे जनुक जागं झालं की वृषणं घडू लागतात. ते बिघडलेलं असेल तर एक्स-वाय असूनही शरीर मुलीचं घडतं. क्वचित हा तुकडा तुटून एक्सवर जाऊन बसतो आणि एक्स-एक्स असूनही मुलगा होतो.

आता तुमच्या बकऱ्या. त्यांचं आपल्यासारखंच. कोंबड्यांत मात्र उलटं. कोंबड्याची दोन्ही लिंगगुणसूत्रं सारखी, झेड-झेड, आणि कोंबडीची झेड-डब्ल्यू. पिल्लू नर की मादी हे तिथे आईच्या अंड्यातच ठरून येतं. मधमाश्यांची तऱ्हा आणखी वेगळी : फलन झालेल्या अंड्यातून ३२ गुणसूत्रांची मादी निघते, फलन न झालेल्यातून १६ गुणसूत्रांचा नर. नराला बापच नसतो, आजोबा मात्र असतात.

आणि रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांना लिंगगुणसूत्रंच नाहीत. अंडी वाळूत असताना, साधारण मधल्या दिवसांत, वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त. म्हणूनच अंडी उचलून कुंपणात पुरताना खड्डा किती खोल घ्यायचा आणि वर सावली किती ठेवायची, हे जपून पाहावं लागतं.