ड्रॅगन आला, पळा!

तुम्ही 'स्कायरिम' खेळलाय का? २०११ सालच्या या खेळात गावकऱ्यांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी काम, संध्याकाळी खानावळ, रात्री झोप. पण ड्रॅगन आला की काही जण साधा सुरा घेऊन त्याच्या अंगावर धावून जातात! वेडेपणाच, नाही का? आणि मेलेला माणूस परत येत नाही. लोहारच मेला, तर तलवार कुणाकडून घ्यायची?

म्हणून 'रन फॉर युअर लाइव्हज' हा मॉड आला. मॉड म्हणजे खेळाडूंनी खेळात केलेला बदल. आता ड्रॅगन दिसला की गावकरी घरात पळून जातात. पहारेकरी मात्र लढतात.

'अंगावर धावून जाणे' आणि 'पळून जाणे': पाय तेच, दिशा उलटी! दोन्ही वापरून एकेक वाक्य लिहा. आणि सांगा, तुमच्या गावातला लोहार काय करेल?