जुनी पोलो जीटी घ्यावी का?

प्रश्न: 2015 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय मिळते आहे. रोज कोथरूड ते हिंजवडी जातो. घरी आई-बाबा आणि लहान मुलगी. घेऊ का?

उत्तर: चाकणला तयार झालेली ही गाडी मला मनापासून आवडते. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस ताकद आणि 175 न्यूटन मीटर टॉर्क. खंबाटकीच्या चढावर ओव्हरटेक करताना ती कधी कमी पडत नाही आणि वेगात रस्त्याला घट्ट धरून राहते.

तुमची खरी परीक्षा मात्र हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आहे. हिच्या सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कोरडे क्लच असतात. मुंगीच्या वेगानं सरकताना ते अर्धवट घासत राहतात आणि तापतात. म्हणून गाडी रिकाम्या रस्त्यावर पाहू नका. ऐन गर्दीत अर्धा-पाऊण तास चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके बसले, तर क्लच किंवा गिअरबॉक्स नियंत्रित करणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटचा खर्च समोर आहे असं समजा. सर्व्हिसची सगळी बिलं नसतील तर सौदा सोडा. घेतलीत, तर पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकू नका. अंतर पडू द्या, मग निघा.

मागच्या सीटवर पाय ठेवायला जागा कमी आहे. आई-बाबांना आधी बसवून बघा.

बजेट वाढत असेल, तर 2020 नंतरची एक लिटरची जीटी शोधा. तिच्यात कोरड्या क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आहे. रोजच्या गर्दीसाठी मी तीच घेईन.